इन्फांतादो पॅलेसचं सोळाव्या शतकातलं रिनोव्हेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माद्रिदला येणारे ओळखीचे लोक मला हमखास विचारतात की टोलेडो, सेगोविया झालं, आता एका दिवसात अजून काय बघू, आणि मी हमखास ग्वादालाहाराचं नाव घेतो. मग जाऊन आले की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, आणि ते प्रश्नही तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

ग्वादालाहारा म्हणजे मेक्सिकोतलं ना?

नाही हो. मेक्सिकोतलं नंतरचं, हे मूळ. नुन्यो दे गुझमान हा इथलाच माणूस, त्याच्या गावावरून तिकडच्या शहराला नाव पडलं. मूळ नाव अरबी, वादी अल हिजारा, म्हणजे दगडगोट्यांची नदी किंवा दरी. माद्रिदपासून ईशान्येला साधारण साठ किलोमीटरवर एनारेस नदीकाठी हे गाव आहे, आणि गावाच्या एका टोकाला हा पॅलेस.

पॅलेस कोणाचा?

मेंदोसा घराण्याचा. हे मूळचे बास्क मुलखातल्या आलावाचे, पण चौदाव्या-पंधराव्या शतकात कास्तीयमध्ये, म्हणजे मध्य स्पेनमधल्या राज्यात, येऊन असे काही वाढले की राजालाही त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाता येईना. घरातला एक जण सांतियानाचा मार्किस, नावाजलेला कवी. त्याचा मुलगा पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा कार्डिनल, म्हणजे चर्चमधला बडा धर्माधिकारी, झाला, लोक त्याला स्पेनचा तिसरा राजा म्हणायचे, पहिले दोन म्हणजे राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो. कार्डिनलच्या भावाला 1475 मध्ये इन्फांतादोचा ड्यूक ही पदवी मिळाली, तो पहिला ड्यूक. पॅलेस बांधला त्याच्या मुलाने, दुसऱ्या ड्यूकने, म्हणजे इनिगो लोपेस दे मेंदोसाने. हे नाव लक्षात ठेवा, पण फार भरवसा ठेवू नका, कारण चौथा आणि पाचवा ड्यूकपण इनिगो लोपेस दे मेंदोसाच. आजोबाचं नाव नातवाला, आपल्याकडे चालायचं तसंच.

आपल्या गोव्या-वसईकडचे मेंडोंसा यांचेच का?

हा प्रश्न खरंच येतो! आडनाव त्याच मुळाचं आहे, मेंदोसाचं पोर्तुगीज रूप मेंदोन्सा. पण आपल्याकडे ते बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज पाद्री किंवा धर्मपित्याकडून आलं, त्यामुळे नाव सारखं म्हणून ड्यूकची इस्टेट मागायला जाऊ नका.

रिनोव्हेशनच्या आधी पॅलेस कसा होता?

हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. 1480 च्या सुमारास काम सुरू झालं, मुख्य माणूस हुआन ग्वास. मूळचा फ्रान्सकडचा, टोलेडोचं सान हुआन दे लोस रेयेस त्याचंच. सोबत एगास कुएमान, हा ब्रसेल्सच्या शिल्पी घराण्यातला. म्हणजे बांधकामाची भाषा उत्तर युरोपातल्या उशिराच्या गॉथिकची, टोकदार कमानी आणि सुळक्यांची ती मध्ययुगीन शैली. पण दगड घडवणारे, लाकूड कोरणारे, गिलावा करणारे बरेचसे स्थानिक मुदेहार परंपरेतले, मुदेहार म्हणजे ख्रिस्ती राज्यात राहिलेले मुसलमान आणि त्यांच्या हाताखाली मुरलेली ती कारागिरी. ही दोन टोकं एका भिंतीवर आली आणि जे झालं ते दुसरीकडे कुठे फारसं बघायला मिळत नाही. दर्शनी भिंतभर हिऱ्याच्या टोकासारखे दगड, चौकटीच्या जाळीत तिरके मांडलेले, उन्हात प्रत्येकाची छोटी सावली पडते आणि भिंत सकाळी एक दिसते, संध्याकाळी दुसरीच. वरती सज्ज्याखाली मुकर्नासची पट्टी, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखं लोंबणारं दगडी काम, सरळ मुसलमानी इमारतींतून आलेलं. आणि दरवाजा भिंतीच्या मधोमध नाही, डावीकडे सरकलेला! पहिल्यांदा बघताना मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

आतला चौक म्हणजे सिंहांचा चौक. दोन मजली कमानी, लांब बाजूला सात आणि आखूड बाजूला पाच. खालच्या कमानींच्या कोपऱ्यांत समोरासमोर उभे सिंह, वरच्या मजल्यावर पंखवाले ग्रिफिन, मध्ये मध्ये मेंदोसा आणि लूना या दोन घराण्यांची चिन्हं, कारण ड्यूकची बायको मारिया दे लूना. आणि कमानींवरून फिरत जाणारा एक लांबलचक कोरीव लेख, त्यात 1483 साल, ग्वास आणि एगासची नावं, शिवाय ड्यूकने वाडवडिलांचं जुनं घर जमीनदोस्त करून घराण्याची आणि स्वतःची कीर्ती वाढावी म्हणून हे नवं बांधलं असंही लिहिलंय. आणि वर परत सगळं व्यर्थ आहे हेपण कोरून घेतलंय. एवढा खर्च करून!

मग त्यात बदल कोणी आणि कधी केले?

पाचव्या ड्यूकने. 1566 मध्ये आजोबा गेले, वडील त्याआधीच वारलेले, म्हणून गादी थेट नातवाकडे आली. 1569-70 च्या सुमारास त्याने काम काढलं, आर्किटेक्ट आकासिओ दे ओरेहोन. मग 1578 ते 1580 मध्ये छतांची चित्रं झाली. म्हणजे एकूण दहाएक वर्षं घरात गवंडी, चुना, धूळ. ज्यांनी घरात राहून किचनचं रिनोव्हेशन केलंय त्यांना कल्पना येईल.

चांगलं भलं घर होतं, तोडायची काय गरज?

खरा प्रश्न हाच. थोडं मागे जाऊ.

1525 मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा पावियाच्या लढाईत पकडला गेला आणि माद्रिदला नेताना त्याचा मुक्काम या घरी झाला. 1560 मध्ये तर खुद्द दुसऱ्या फेलिपेचं, म्हणजे स्पेनच्या राजाचं, फ्रान्सची राजकन्या इसाबेल दे व्हालुआ हिच्याशी लग्न इथे लागलं. पॅरिसला आदल्या वर्षी राजाच्या गैरहजेरीत प्रतिनिधी उभा करून लग्न झालेलं, पण नवरा-नवरी समोरासमोर उभे राहून विधी झाला तो ग्वादालाहाराला, चौथ्या ड्यूकच्या घरी. नवरी चौदा वर्षांची, नवरा बत्तीसचा. तेव्हा हे घर म्हणजे देशातलं पहिल्या नंबरचं खासगी घर.

आणि मग एका वर्षात, 1561 मध्ये, फेलिपेने दरबार माद्रिदला हलवला. तिथला जुना अल्काझार किल्ला त्याने आधीपासूनच नव्या पद्धतीने बदलायला घेतला होता, 1563 मध्ये एस्कोरियालचा, म्हणजे त्याच्या मठ-राजवाड्याचा, पायाभरणीचा दगड बसला. राजाची आवड एकदम वेगळी, साधी भिंत, सरळ रेषा, मोजून काढलेले खांब, नक्षी जवळजवळ नाहीच. अशात तुमच्या घरी सिंह, ग्रिफिन, पिळाचे खांब आणि दगडी मधाची पोळी. आजोबांच्या काळात जे भारी होतं ते नातवाच्या काळात गावठी दिसायला लागलं. पाचव्या ड्यूकने अल्काझारची नक्कल करायची म्हणून हे केलं असंच बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं आणि मला ते पटतं. राजा साठ किलोमीटरवर राहायला आलाय, कधीही येईल, हॉल तरी नीट दिसायला हवा.

गंमत अशी की स्पेनमध्ये रेनेसां, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन कलेला पुन्हा जिवंत करणारी इटालियन शैली, आणणारे मेंदोसाच! वाय्यादोलिदचं सांता क्रूस कॉलेज कार्डिनल मेंदोसाने उभं केलं, त्याच्या दरवाजावर इटालियन पद्धतीचं काम आहे पंधराव्या शतकाच्या शेवटचं. त्याच वर्तुळातला लोरेन्सो व्हास्केस हा आर्किटेक्ट, त्याचं काम असलेला आंतोनियो दे मेंदोसाचा पॅलेस ग्वादालाहारातच आहे, इन्फांतादोपासून चालत जाता येतं. म्हणजे काका-पुतण्यांकडे नवी स्टाईल सत्तर-ऐंशी वर्षं आधी येऊन गेलेली आणि घराण्याचं मुख्य घर मात्र जुनंच. मोठ्या घराचं असंच असतं, धाकट्यांच्या फ्लॅटमध्ये आधी बदल होतात.

दर्शनी भिंतीवर नेमकं काय केलं?

खिडक्या फोडल्या. सरळ सांगायचं तर एवढंच, पण त्याने सगळं बिघडलं. जुन्या गॉथिक खिडक्या काढून मोठ्या चौकोनी, वर त्रिकोणी कपाळपट्टी असलेल्या खिडक्या बसवल्या, आणि त्या बसवताना हिऱ्याच्या टोकांची ती तिरकी जाळी मध्येच कापली गेली. समोर उभं राहून एका खिडकीच्या कडेकडेने नजर फिरवा, दगडांची ओळ चालत येते आणि चौकटीवर आपटून थांबते, जणू छापील साडीवर मधोमध पांढरं ठिगळ लावलंय. वरचे गॉथिक सुळकेही गेले, भिंतीचा माथा सरळ करायचा म्हणून.

या बदलाच्या बाजूने बोलायचं तर आतल्या खोल्यांमध्ये उजेड नक्कीच वाढला असणार, आणि सममितीचा आग्रह तेव्हा सगळ्यांनाच होता. पण दरवाजा डावीकडेच राहिला, त्यामुळे सममिती काही आलीच नाही. अर्धवट काम. माझं स्पष्ट मत, ही भिंत होती तशी सोडायला हवी होती.

आणि चौकात?

चौकात खालच्या मजल्यावरचे मूळ खांब बदलून साधे, गोल, डोरिक पद्धतीचे, म्हणजे जुन्या ग्रीकांच्या सगळ्यात साध्या शैलीतले, बसवले आणि जमिनीची पातळी उचलली. वरच्या मजल्याचे पिळाचे खांब मात्र तसेच राहिले. त्यामुळे आता बघताना एक विचित्र मजा येते, खाली शिस्तीतले शिपाई उभे आणि त्यांच्या डोक्यावर वरात नाचतेय. जमीन वर आल्यामुळे खालचा मजला थोडा बुटका वाटतो, सिंहही डोक्याच्या जास्त जवळ आलेत. फोटोत हे कळत नाही, प्रत्यक्ष कळतं.

वरचा मजला न पाडता खालचे खांब बदलले कसे?

हा प्रश्न इंजिनीअर लोक विचारतात आणि मला तो सगळ्यात आवडतो. पद्धत जुनी आणि जगभर सारखी, कमानीच्या आत लाकडाचं सेंट्रिंग ठोकायचं, शेजारच्या कमानींना टेकू द्यायचे, भार हळूहळू लाकडावर घ्यायचा, मग मधला खांब काढून नवा सरकवायचा आणि पाचर मारून चुन्याने सांधे भरायचे. एका वेळी एकच. चुना वाळेपर्यंत सेंट्रिंग काढायचं नाही. वर दगडात कोरलेले सिंह आणि लेख, एक इंच कमान बसली तर भेगा सरळ सिंहाच्या तोंडावरून जातील. ते वाचलेत म्हणजे ओरेहोनच्या माणसांचा हात चांगला होता, त्याच्या आवडीबद्दल काहीही म्हणा.

डोरिक वगैरे स्टाईल यांना कुठून माहीत?

पुस्तकांतून. सर्लिओ या इटालियन आर्किटेक्टचं तिसरं आणि चौथं पुस्तक फ्रान्सिस्को दे व्हियालपांदोने स्पॅनिशमध्ये आणलं आणि ते 1552 मध्ये टोलेडोला छापलं गेलं. त्यात चित्रांसकट सगळं, कुठला खांब कसा, जाडीच्या किती पट उंची, वरची पट्टी केवढी. आधी पाथरवट बापाकडून मुलगा शिकायचा, आता चित्र दाखवून असं पाहिजे म्हणता यायला लागलं. मालक लोक पिंटरेस्ट घेऊन येतात ना आर्किटेक्टकडे, जवळपास तेच.

आतली छतं कोणी रंगवली?

रोमुलो सिन्सिनातो, फ्लॉरेन्सचा. फेलिपेने इटलीहून चित्रकार बोलावले त्यांत हा 1567 मध्ये आला आणि एस्कोरियालसाठी काम केलं. म्हणजे ड्यूकने राजाची नुसती स्टाईल घेतली नाही, राजाचा माणूसच घेतला.

खालच्या मजल्यावर बागेच्या बाजूच्या खोल्यांना कमानदार छतं आहेत, ती त्याने फ्रेस्कोने भरली. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवायचं, गिलावा वाळायच्या आत. रोज जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा, चुकलं तर खरवडून परत. बारकाईने पाहिलं तर एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं कुठे सुरू झालं त्या सांध्याच्या रेषा अशा छतांवर सापडतात.

एका खोलीत क्रोनोस, म्हणजे काळ, रथात बसलेला, रथाला हरणं जुंपलेली, भोवती राशी. मान वर करून राशी ओळखत बसायचं, मेष सापडली की बाकीच्या सापडतात. लढायांच्या खोलीत मेंदोसांच्या पराक्रमाशी जोडलेली युद्धं, घोडे, भाले, पडलेली माणसं. पाहुण्याला इथे बसवलं की घराणं कोण ते वेगळं सांगायला नको. आणि एक अटलांटाची. ओव्हिडच्या रोमन काव्यातली गोष्ट, अटलांटा कुणाला धावण्यात हरत नसे, जो हरवेल त्याच्याशी लग्न आणि हरला तर जीव गेला. हिप्पोमेनेस पळताना व्हीनसने दिलेली तीन सोन्याची सफरचंदं एकेक करून टाकतो, ती उचलायला थांबते, हा जिंकतो. नंतर व्हीनसचे आभार मानायचे राहून जातात आणि शेवटी दोघांचे सिंह होतात. बाहेर चौकभर सिंह आहेत ते शंभर वर्षं आधीचे, त्यांचा याच्याशी संबंध नाही, पण अटलांटाची खोली बघून चौकात आल्यावर मला दरवेळी वाटतं की हे दोघं त्यांतले कुठले असतील.

चित्रांभोवतीच्या पट्ट्यांमध्ये वेली, अर्धे प्राणी अर्धी माणसं, मुखवटे अशी बारीक नक्षी आहे. ही फॅशन रोममध्ये नीरोचा जमिनीत गाडला गेलेला महाल पंधराव्या शतकाच्या शेवटी सापडला तिथून आली, चित्रकार दोर लावून खाली उतरायचे आणि मशालीच्या उजेडात नक्कल करून आणायचे.

इतकं जुनं बिघडवलं म्हणून लोक शिव्या देतात, तुम्ही कोणत्या बाजूचे?

भिंतीबद्दल शिव्या देणाऱ्यांच्या बाजूचा, वर लिहिलंच. पण मग 6 डिसेंबर 1936 ची गोष्ट सांगावी लागते.

स्पेनचं यादवी युद्ध चालू होतं, ग्वादालाहारा रिपब्लिकच्या, म्हणजे निवडून आलेल्या सरकारच्या, ताब्यात, आणि त्या दिवशी बंडखोर जनरल फ्रँकोच्या बाजूच्या विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. पॅलेसला आग लागली. वरच्या मजल्यांवर पहिल्या बांधकामातली लाकडी मुदेहार छतं होती, कोरलेली, रंगवलेली, सोन्याचा मुलामा दिलेली. घराण्याच्या वंशावळीच्या दिवाणखान्याचं छत तर स्पेनमधल्या सगळ्यात सुंदर छतांत धरलं जायचं. चारशे-साडेचारशे वर्षं वाळलेलं लाकूड, किती वेळ टिकणार. सगळं गेलं, आता फक्त जुने काळे-पांढरे फोटो आहेत.

आणि खाली सिन्सिनातोच्या खोल्या राहिल्या. नुकसान झालं, पण चित्रं राहिली, कारण छत लाकडाचं नव्हतं, वीट-दगड-चुन्याची कमान होती, आणि चित्र त्या चुन्यातच मुरलेलं. ज्या रिनोव्हेशनने बाहेरची भिंत बिघडवली त्याच रिनोव्हेशनच्या खोल्या आज आत जाऊन बघण्याचं सगळ्यात मोठं कारण आहेत. दुसऱ्या ड्यूकचं छत आज असतं तर मी पाचव्याला माफ केलं नसतं, हे मात्र खरं.

मधल्या काळात काय झालं?

थोडक्यात. दरबारामागे बडे लोक माद्रिदला गेले, घर मागे पडलं. 1714 मध्ये राजा पाचव्या फेलिपेचं इसाबेल फार्नेसियोशी लग्न इथे पक्कं झालं, नंतर आधीचा राजा दुसरा कार्लोस याची विधवा मारियाना इथे राहिली आणि 1740 मध्ये इथेच वारली. एकोणिसाव्या शतकात पदवी ओसुनाच्या ड्यूककडे गेलेली, त्या घराण्याचं दिवाळं वाजलं आणि पॅलेस विकावा लागला, मग युद्धात वडील गेलेल्या मुलांसाठी तिथे अनाथालय-शाळा चालली. 1914 मध्ये राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं.

आज दिसतं त्यातलं खरं किती आणि नंतरचं किती?

भिंती, दर्शनी बाजू, चौक, फ्रेस्को जुने. आगीनंतर बरीच वर्षं नुसता सांगाडा उभा होता, 1960 च्या दशकात दुरुस्ती सुरू झाली. वरच्या मजल्यावर गेलात आणि खोल्या कोऱ्या-सपाट वाटल्या तर तुमची चूक नाही, तिथलं जळालं ते पुन्हा बनवलं नाही. खोटं जुनं करून ठेवण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं, काही लोकांना ते रिकामं आणि निरस वाटतं, वाद चालू असतो. दुरुस्ती करताना पाचव्या ड्यूकच्या खिडक्या बुजवून भिंत पहिल्यासारखी करता आली असती, पण खिडक्या ठेवल्या.

स्पेनमध्ये अशी अजून उदाहरणं आहेत?

आहेत की. सेव्हिलचं कासा दे पिलातोस बघा, फाद्रिके एन्रिकेस दे रिबेरा जेरुसलेमला जाऊन 1520 मध्ये परत आला, वाटेत इटली बघून भारावला आणि घराला जिनोवाहून घडवून आणलेला संगमरवरी दरवाजा लावला, 1529 चा. पण तिथे मुदेहार टाइल्स आणि इटालियन खांब सुखाने एकत्र नांदतात, कुणी कुणाला कापत नाही. इन्फांतादोच्या आधी ते बघितलं असेल तर फरक लगेच कळेल.

जायचं कसं आणि किती वेळ लागतो?

माद्रिदहून लोकल, म्हणजे सेर्कानियास, सी-2 लाइन, तासाभराच्या आसपास. हायस्पीड ट्रेनचं तिकीट काढू नका! त्या गाड्यांचं ग्वादालाहारा-येबेस स्टेशन गावाबाहेर लांब आहे, माझा एक मित्र तिथे उतरून टॅक्सी शोधत बसला होता. लोकल स्टेशनवरून नदी ओलांडून चढाने चालत जायचं. पॅलेसमध्ये आता प्रांताचं म्युझियम आहे, 1838 मध्ये स्थापन झालेलं, या इमारतीत 1970 च्या दशकात आलं. वेळा आणि सुट्टीचा दिवस निघण्याआधी बघून घ्या, दुपारी बंद असण्याची स्पेनमधली सवय अजून गेलेली नाही.

दोन तास पुरतात. आधी बाहेर रस्त्यापलीकडे उभं राहा, मग चौक, मग फ्रेस्को, आणि बाहेर पडून परत एकदा भिंत. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा खिडक्यांकडे आधी लक्ष जाईल.

त्या दरवाजावरची केसाळ माणसं कोण?

जंगली माणसं! अंगभर केस असलेले, मेंदोसांचं मोठं घराणचिन्ह धरून उभे. मध्ययुगात घराचे राखणदार म्हणून अशी माणसं काढायची पद्धत होती. पाचव्या ड्यूकला हे कसे काय चालले कोण जाणे, राजाच्या आवडीत केसाळ माणसं नक्कीच बसत नव्हती.